हार्डवेअर क्लॉकच्या ड्रायव्हरचा कोड रिव्ह्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नलमधील आरटीसी (रिअल-टाइम क्लॉक, म्हणजेच हार्डवेअर क्लॉक) ड्रायव्हरचा कोड तपासण्याचे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे, अशा अभियंत्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. अंधेरीच्या सीप्झमध्ये असो की नवी मुंबईतल्या महापेला, आपल्याकडे असा रिव्ह्यू पुष्कळदा एकाच स्क्रीनसमोर बसून तोंडी होतो. निर्णय लक्षात राहतो, पण त्यामागचे कारण विरून जाते आणि नवा बोर्ड आला की तोच वाद पुन्हा सुरू होतो. म्हणून येथे कारणांवर अधिक भर दिला आहे.

सिस्टिमचे घड्याळ असताना हार्डवेअर क्लॉक वेगळे का लागते?

कर्नल चालू असताना वेळ मोजण्याचे काम प्रोसेसरचे टायमर करतात. वीज गेली की ती मोजणी संपते. आरटीसी ही ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर आणि एका छोट्या बॅटरीवर चालत राहणारी स्वतंत्र चिप असते. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात असल्यामुळे पंधरा वेळा अर्धे करत गेले की बरोबर सेकंदाचा ठोका मिळतो. बोर्ड सुरू होताना कर्नल या चिपकडून एकदा वेळ विचारून घेतो आणि तेथून पुढे स्वतः मोजतो. त्यामुळे ड्रायव्हरने त्या एका क्षणी दिलेले उत्तर चुकीचे असेल, तर नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंतच्या सगळ्या नोंदींवर चुकीचा शिक्का बसतो. ज्या यंत्राला नेटवर्कच नाही, त्याच्या बाबतीत तो कायमचाच बसतो.

रिव्ह्यूला बसल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

ऑसिलेटर (क्रिस्टलवर ठोके देणारे सर्किट) मध्येच थांबला होता का, हे सांगणारा बिट ड्रायव्हर वाचतो की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. माझ्या मते बाकीच्या सगळ्या गोष्टी यानंतर येतात. डीएस१३०७ या आरटीसी चिपमध्ये सेकंदाच्या रजिस्टरचा (चिपमधील आकडा ठेवण्याच्या जागेचा) सर्वांत वरचा बिट घड्याळ थांबलेले आहे असे सांगतो. डीएस३२३१ मध्ये हीच माहिती स्टेटस रजिस्टरच्या सातव्या बिटमध्ये असते. पीसीएफ८५६३ मध्ये ती व्होल्टेज खाली गेल्याची खूण म्हणून पुन्हा सेकंदाच्याच रजिस्टरमध्ये येते. बिटचे नाव आणि जागा दर चिपला बदलते, पण अर्थ एकच असतो: या रजिस्टरांतील वेळेवर विश्वास ठेवू नका.

वाचलेली तारीख वैध आहे एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे, कारण वैध असणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात एखाद्या उपनगरात रात्री तीन तास वीज गेली आणि बोर्डावरची बॅटरी आधीच उतरलेली असली, तर ऑसिलेटर थांबतो, पण उरलेल्या किंचित व्होल्टेजवर रजिस्टरांतील आकडे टिकून राहू शकतात. वीज परत आल्यावर चिप जी वेळ सांगते तिच्यात ना तेरावा महिना असतो ना बत्तिसावा दिवस. ती फक्त तीन तास मागे असते. तेरावा महिना आला असता तर कर्नलच्या गाभ्याने, म्हणजे सगळ्या आरटीसी ड्रायव्हरांच्या वर असलेल्या सामायिक कोडने, तो स्वतःच नाकारला असता. ही तीन तासांची चूक मात्र त्या एका बिटाखेरीज कोणालाही कळत नाही.

बिट चढलेला (१ झालेला) दिसला तर ड्रायव्हरने नेमके काय करावे?

चिपमधील वेळ वाचणाऱ्या रीड_टाइम या फंक्शनने ईइनव्हॅल (अवैध मूल्य) हा त्रुटीसंकेत परत करावा आणि तेथेच थांबावे. मग कर्नल आरटीसीवरून वेळ घेत नाही, सिस्टिमचे घड्याळ १९७० पासून सुरू होते आणि सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे सांगून नाकारली जातात. हे ग्राहकाला आवडत नाही, म्हणून ‘निदान काहीतरी वेळ द्या’ अशी मागणी येते आणि कोणीतरी त्रुटीऐवजी १ जानेवारी २००० ही तारीख परत करणारा पॅच (कोडमधील बदल) लिहितो. असा पॅच स्वीकारू नये. वेळ माहीत नसेल तेव्हा कोणती वेळ गृहीत धरायची, हे ठरवण्याइतकी माहिती ड्रायव्हरकडे नसते. तो निर्णय वरच्या स्तरावर, त्या यंत्राचा उपयोग जाणणाऱ्या प्रोग्रॅमने घ्यायचा असतो, आणि त्याला तो घेता यावा म्हणून खालून खरे उत्तर यायला हवे.

हा बिट प्रोबमध्ये पुसून टाकला तर काय बिघडते?

पुढचे सगळेच बिघडते. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर चिपशी जोडला जाताना चालणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये, ऑसिलेटर सुरू करणे आणि ‘स्वच्छ सुरुवात’ म्हणून बिट पुसणे हे कोड वाचताना नीटनेटके वाटते, त्यामुळे डोळ्यांखालून सहज निसटते. पण तेवढ्याने चुकीच्या वेळेचा एकमेव पुरावा नाहीसा होतो आणि पुढचे प्रत्येक वाचन खोट्या वेळेला खरे म्हणून पुढे पाठवते.

बिट पुसण्याची योग्य जागा एकच, ती म्हणजे चिपमध्ये वेळ लिहिणारे सेट_टाइम हे फंक्शन. आणि तेथेही नवी वेळ यशस्वीपणे लिहून झाल्यानंतरच. डीएस१३०७ आणि पीसीएफ८५६३ मध्ये बिट सेकंदाच्या रजिस्टरमध्येच असल्यामुळे वेळ लिहिताना तो आपोआप पुसला जातो. डीएस३२३१ मध्ये तो वेगळ्या रजिस्टरमध्ये आहे, म्हणून तेथे क्रम तपासावा लागतो: आधी बिट पुसला आणि नंतर आय-टू-सी (चिप आणि प्रोसेसर यांना जोडणारी दोन तारांची बस) वरचे लेखन फसले, तर जुनी वेळ विश्वासार्ह असल्याचे प्रमाणपत्र आपणच दिल्यासारखे होते.

आकड्यांच्या रूपांतरात कोणत्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात?

बहुतेक चिपांमध्ये आकडे बीसीडी पद्धतीने ठेवलेले असतात, म्हणजे प्रत्येक दशमान अंकाला चार बिट. कर्नलमध्ये यासाठी बीसीडीटूबिन आणि बिनटूबीसीडी तयार आहेत. कोणी शिफ्ट आणि गुणाकार करून तेच हाताने लिहिले असेल तर बदलायला सांगावे. रूपांतरापूर्वी मास्क लावला आहे का, म्हणजे नको असलेले बिट गाळले आहेत का, हे मात्र रजिस्टरागणिक पाहावे लागते, कारण सेकंदाच्या वर थांबल्याचा बिट, तासाच्या वर बारा-चोवीस तासांचा बिट आणि महिन्याच्या वर शतकाचा बिट बसलेला असू शकतो.

कर्नलच्या आरटीसी_टाइम या रचनेत महिना ० ते ११, वर्ष १९०० पासून मोजलेले आणि वार रविवार शून्य धरून असतो. चिपमध्ये महिना १ ते १२ आणि वर्ष ०० ते ९९ असते. वार कोठे ० ते ६, कोठे १ ते ७, तर काही चिपांत प्रत्येक वाराला स्वतंत्र बिट असतो. महिन्यातील एकाचा फरक वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे विसरला गेला, तर स्वतःच लिहिलेले स्वतः वाचणारी चाचणी बिनबोभाट पास होते आणि चूक ३१ तारखेला किंवा फेब्रुवारीत उघडी पडते. म्हणून अशा चाचणीवर विसंबू नये. रजिस्टरांतील कच्चे आकडे आय-टू-सीच्या साधनाने एकदा वाचून डेटाशीटशी ताडून पाहावेत.

दुसऱ्या ड्रायव्हरवरून उचललेल्या कोडमध्ये रजिस्टरांचा क्रम हमखास तपासावा. डीएस१३०७ मध्ये तासानंतर वार आणि मग तारीख येते. पीसीएफ८५६३ मध्ये तासानंतर तारीख आणि मग वार. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही अदलाबदल टेबलावर ध्यानातही येत नाही.

सगळी रजिस्टरे एकाच वेळी वाचण्याचा आग्रह का?

समजा चिपमध्ये १०:५९:५९ वाजले आहेत आणि ड्रायव्हर एकेक रजिस्टर वेगळे वाचतो आहे. तास वाचला, १० मिळाले. तेवढ्यात सेकंद उलटला आणि मिनिटे-सेकंद ०० आले. हाती लागलेली वेळ १०:००:००, म्हणजे पूर्ण एक तास मागे. उलट क्रमाने आधी सेकंद वाचले असते तर ११:००:५९ मिळाले असते, म्हणजे जवळजवळ एक मिनिट पुढे. हे क्वचित घडते, म्हणून टेबलावर सापडत नाही. पण शेतात किंवा कारखान्यात वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्रांवर ते कधीतरी घडणारच.

डीएस१३०७ आणि डीएस३२३१ या चिपा आय-टू-सीवर व्यवहार सुरू होताच त्या क्षणीची वेळ दुसऱ्या रजिस्टर-संचात उतरवून ठेवतात. पीसीएफ८५६३ व्यवहार चालू असेपर्यंत मोजणी गोठवून ठेवते आणि तो एका सेकंदाच्या आत पूर्ण व्हावा अशी अट घालते. ही सोय सलग एका व्यवहारात वाचले तरच मिळते. म्हणून रेगमॅपचे (रजिस्टरे वाचण्या-लिहिण्यासाठीच्या कर्नलच्या सामायिक सोयीचे) सलग वाचन किंवा तत्सम एकच कॉल असावा आणि त्याचा परतावा तपासलेला असावा. पीसीवरच्या जुन्या एमसी१४६८१८ घराण्यात अशी सोय नाही. तेथे ‘बदल चालू आहे’ असे सांगणारा बिट पाहावा लागतो आणि तो शून्य असेल तर किमान २४४ मायक्रोसेकंद सुरक्षित मिळतात. त्या अवधीत वाचन पूर्ण होईल याची खात्री कोडमध्ये दिसली पाहिजे.

ड्रायव्हरमध्ये भारतीय प्रमाणवेळेचा फरक मिळवावा का?

मुळीच नाही. ड्रायव्हरच्या पॅचमध्ये १९८०० हा आकडा दिसला, म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद, तर बाकीचा कोड वाचण्याआधीच तो काढायला सांगावा. कोणीतरी स्क्रीनवर साडेपाच तासांचा फरक पाहिला आणि सापडेल तेथे तो मिळवून टाकला, एवढाच त्याचा उगम असतो.

हा फरक दिसण्याचे खरे कारण बहुधा वेगळेच असते. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ ठेवते, लिनक्सवर तेथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवण्याचा प्रघात आहे. एकाच संगणकावर दोन्ही असले की फरक दिसतोच. एचडब्ल्यूक्लॉक हे साधन आपली समजूत अ‍ॅडजटाइम या फाइलच्या तिसऱ्या ओळीत नोंदवते, आणि ती ओळ एका बोर्डावर यूटीसी व दुसऱ्यावर स्थानिक असली तरी हाच घोळ होतो. दुरुस्ती तेथे करायची असते.

स्थानिक वेळ हा प्रशासकीय निर्णय आहे आणि असे निर्णय बदलतात. याच मुंबई शहरात भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ अनेक व्यवहारांत १९५५ पर्यंत चालू होती, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात देशभर घड्याळे एक तास पुढे केलेली होती. असे बदल नोंदवण्यासाठी कालपट्ट्यांची माहितीसूची आहे. चिपच्या ड्रायव्हरने त्यात पडू नये.

२०३८ आणि २१०० या वर्षांची चिंता आतापासून कशाला?

कारण आज लिहिलेला औद्योगिक नियंत्रकाचा कोड २०३८ मध्ये चालू असणे सहज शक्य आहे. ३२ बिटांच्या चिन्हांकित सेकंदांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. ड्रायव्हरमध्ये सेकंदांसाठी लाँग किंवा इंट वापरलेले दिसले तर टाइम६४_टी आणि त्याला जोडलेली रूपांतर-फंक्शने वापरायला सांगावीत.

२१०० चा प्रश्न चिपमध्येच आहे. बहुतेक आरटीसी चारने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप धरतात, पण २१०० हे लीप वर्ष नाही. म्हणून ड्रायव्हरने रेंज_मिन आणि रेंज_मॅक्समध्ये चिपची खरी मर्यादा, बहुधा २००० ते २०९९, जाहीर करावी. म्हणजे मर्यादेबाहेरची वेळ कर्नलचा गाभाच नाकारतो आणि ड्रायव्हरमध्ये वर्ष तपासणाऱ्या वेगळ्या अटी लागत नाहीत. शतकाच्या बिटावर विसंबून ही मर्यादा वाढवलेली असेल, तर २१०० च्या फेब्रुवारीत ती चिप नेमके काय करते हे डेटाशीटमधून दाखवून देण्याची जबाबदारी पॅच लिहिणाऱ्याची आहे.

ड्रायव्हरने स्वतःचे म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) ठेवावे का?

वेळ आणि गजर यांसाठीची फंक्शने बोलावताना गाभ्याने आधीच कुलूप घेतलेले असते, त्यामुळे तेवढ्यासाठी नको. तेच रजिस्टर इंटरप्ट हँडलरमधूनही (चिपने लक्ष वेधणारा संकेत दिल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधूनही) बदलले जात असेल तर आरटीसी_लॉक वापरावे.

गजर आणि इंटरप्टच्या कोडमध्ये काय तपासावे?

आय-टू-सीवरचा व्यवहार झोपू शकतो, म्हणून हँडलर थ्रेडेड, म्हणजे झोपण्याची मुभा असलेल्या वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा, असावा. आपला बिट चढलेला नसेल तर हँडलरने आयआरक्यू_नन परत करावे. नाहीतर सामायिक तारेवर दुसऱ्याचा इंटरप्ट आपण गिळून टाकतो. गजर लावताना आधी जुना बंद करावा, खूण पुसावी, नवी वेळ लिहावी आणि मागितले असेल तरच शेवटी चालू करावा. पीसीएफ८५६३ सारख्या चिपांच्या गजरात सेकंद नसतात. ड्रायव्हरने सेकंद गुपचूप गाळले तर गजर मागितल्यापेक्षा आधी वाजतो, म्हणून गजर मिनिटाच्याच अचूकतेचा आहे हे फीचर-बिटातून गाभ्याला कळवावे. बोर्डावर इंटरप्टची तारच जोडलेली नसेल आणि चिप यंत्राला थेट जागेही करत नसेल, तर गजराची सोय नाही असेही त्याच मार्गाने सांगावे.

प्रोबमधील क्रमही येथेच पाहावा: आधी आरटीसीची रचना मिळवायची, मग इंटरप्ट मागायचा, आणि नोंदणी सर्वांत शेवटी. इंटरप्ट आधी मागितला आणि तो लगेच आला, तर हँडलर अस्तित्वात नसलेल्या रचनेला हात लावतो. नोंदणीनंतर अपयशी ठरू शकणारी एकही पायरी उरू नये, कारण तोवर वापरकर्त्याच्या बाजूने ते उपकरण उघडलेले असू शकते.

बॅटरी चार्ज करण्याचा कोड आला तर?

तर डेटाशीटइतकाच बोर्डाचा आराखडाही मागवावा. डीएस१३३९, डीएस१३४० यांसारख्या चिपांत बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर हळूहळू चार्ज करण्याची सोय असते. सीआर२०३२ हा सेल चार्ज होणारा नाही आणि त्यात प्रवाह ढकलणे धोक्याचे आहे: सेल फुगतो, गळतो, प्रसंगी फुटतो. ड्रायव्हरने चार्जिंग आपणहून कधीही चालू करू नये. डिव्हाइस-ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरचे कर्नलला दिलेले वर्णन) बोर्ड बनवणाऱ्याने चार्ज होणारा साठा आहे असे सांगितले असेल आणि रेझिस्टरचे मूल्य दिले असेल, तरच चालू करावे. या एका मुद्द्यावर मी कधीही तडजोड सुचवणार नाही, कारण येथे माणसाला इजा होऊ शकते.

लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणाऱ्या डीएस३२३१ च्या निळ्या मॉड्यूलांवर चाचणी करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. त्या प्रकारच्या अनेक मॉड्यूलांवर एक डायोड आणि एक रेझिस्टर बसवून सेल चार्ज करण्याची जोडणी केलेली असते. ती चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी आहे. तेथे सीआर२०३२ बसवायचा असेल तर आधी तो डायोड किंवा रेझिस्टर काढून टाकावा. ड्रायव्हर कितीही निर्दोष असला तरी हा चार्जिंगचा मार्ग त्याच्या हातात नसतो.

घड्याळ रोज एक-दोन सेकंद मागे पडते. दोष ड्रायव्हरचा का?

बहुधा नाही. दशलक्षात २० भागांची चूक असलेला साधा क्रिस्टल दिवसाला सुमारे १.७ सेकंद चुकतो. शिवाय ट्यूनिंग-फोर्क प्रकारचा क्रिस्टल साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने चालतो आणि त्याहून गरम वा गार झाला की मंदावतो. मुंबईच्या मे महिन्यात बंद पेटीच्या आत ४५ अंश सहज होतात, आणि तेवढ्याने दिवसाला आणखी सव्वा सेकंदाच्या आसपास भर पडते. डीएस३२३१ तापमानाची भरपाई स्वतः करते, म्हणून ० ते ४० अंशांत तिची चूक दशलक्षात २ भागांच्या आत राहते.

ड्रायव्हरकडे बोट दाखवावे अशी एक जागा मात्र आहे. पीसीएफ८५२३ सारख्या चिपांत क्रिस्टलसाठीचा भार ७ किंवा १२.५ पिकोफॅरड निवडता येतो. डिव्हाइस-ट्रीतील हे मूल्य ड्रायव्हर वाचतो का आणि ते प्रत्यक्ष लावलेल्या क्रिस्टलशी जुळते का, हे पाहावे, १२.५ च्या क्रिस्टलला ७ चा भार दिला तर घड्याळ पुढे पळते. याच चिपमध्ये रिसेटनंतर बॅटरीकडे वळण्याची सोय बंद असते. ती चालू करणारा कोड नसेल तर नव्या कोऱ्या बॅटरीसहही वेळ टिकत नाही, आणि दोष उगाचच बॅटरीवर जातो.

नवा ड्रायव्हर लिहावा की असलेल्यात भर घालावी?

रजिस्टरांची मांडणी जवळजवळ तीच असेल तर भर घालावी. डीएस१३०७ चा ड्रायव्हर असाच अनेक चिपांना सांभाळतो. पत्त्यावरून चिप ओळखण्याचा प्रयत्न असेल तर तो काढायला सांगावा, कारण डीएस१३०७ आणि डीएस३२३१ दोघीही हेक्स ६८ याच पत्त्यावर बसतात.

मंजुरीपूर्वी कोणत्या चाचण्यांचा पुरावा मागावा?

कर्नलसोबत येणारी आरटीसीची स्वचाचणी चालवलेली असावी. त्याखेरीज लीप वर्षातल्या २८ फेब्रुवारीची आणि बिगर-लीप वर्षातल्या त्याच तारखेची रात्री ११:५९:५८ ही वेळ लावून पुढे काय होते ते पाहावे, ३१ डिसेंबरलाही तेच करावे, आणि यंत्र झोपवून गजराने ते जागे होते का तेही तपासावे. सर्वांत महत्त्वाची चाचणी हाताने करायची असते: वीज तोडावी, बॅटरी काढावी, काही मिनिटे थांबावे, पुन्हा जोडून यंत्र सुरू करावे आणि वेळ वाचताना त्रुटी येते का ते पाहावे. त्रुटी आली पाहिजे. मग वेळ लावावी, आणि आता त्रुटी गेली पाहिजे. नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा या काळात बंद ठेवावी, कारण ती चालू असली की कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी आरटीसीत नवी वेळ लिहितो आणि चाचणीचा निकाल पुसला जातो.

माल उद्या रवाना व्हायचा आहे. पॅच अडवावा का?

नावे, टिपणांची भाषा, फंक्शनांचा क्रम यांसाठी अडवू नये; शेरा लिहून ठेवावा आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती घ्यावी. न मागता चार्जिंग चालू होणे, थांबल्याचा बिट न वाचणे किंवा प्रोबमध्ये तो पुसणे, आणि तुकड्यातुकड्याने वेळ वाचणे, यांपैकी काहीही असेल तर अडवावा, मग समोर कोणीही वरिष्ठ असो. शेऱ्यात डेटाशीटचे पान, रजिस्टरचे नाव आणि वर सांगितलेल्या १०:५९:५९ सारखे एक ठोस उदाहरण द्यावे. बहुतेक दुरुस्त्या दहा-वीस ओळींच्या असतात आणि उदाहरण हातात असले की लिहिणारा त्या त्याच संध्याकाळी करून देऊ शकतो. बॅटरी काढून करायची चाचणी तेवढी दुरुस्तीनंतर पुन्हा करून घ्यावी.